नदीपलीकडचं मत

चिखलात रुतलेल्या मोटारसायकलीला शिव्या घालणारा तो माणूस मला भेटला, तेव्हा माझ्या पाठीवर मतपेटी होती आणि बरोबर एक मोकळा घोडा.

मंगोलियातलं पहिलं खरं मतदान, नव्वदच्या उन्हाळ्यातलं. मी दुलमा, जनावरांच्या दवाखान्यातली मदतनीस. कुरणातल्या तंबूंमधून मतं गोळा करायचं काम माझ्याकडे होतं. तो गोतोव, नव्या पक्षाने राजधानी उलानबातरहून पाठवलेला निरीक्षक. त्याने पेटीबरोबर राहायचं होतं, म्हणूनच तो पोहोचायच्या आत आमच्या प्रमुखांनी, म्हणजे जुन्या सत्ताधारी पक्षाच्या इथल्या पुढाऱ्यांनी, मला पहाटेच पिटाळलं होतं. मी मोकळा घोडा त्याच्यापुढे केला.

"तुम्ही जुन्या पक्षाच्या ना?" त्याने भीतभीत विचारलं.

"मी मेंढ्यांच्या पक्षाची. त्यांची औषधं संपलीत… तुमचा पक्ष देणार का?"

तो हसला. हसताना त्याचा एक डोळा जास्त मिटायचा. माझं लक्ष उगाचच पुनःपुन्हा तिकडे जाऊ लागलं.

दुपारी नदीपाशी आलो. वर डोंगरात पाऊस झाला होता, पाणी तांबूस आणि दांडगं. पलीकडे एकच तंबू – त्सेवेल आजीचा. तिच्या लामा, म्हणजे बौद्ध पुजारी, नवऱ्याला पूर्वी जुन्या पक्षाच्या सरकारी माणसांनी नेलं, तो परतलाच नाही. आजी हे कुणालाही सांगायची, प्रमुखांच्या तोंडावरसुद्धा. पाणी असलं तर ओलांडू नकोस, एका मताने काय होतंय, असं त्यांनी मला बजावलं होतं. काळजी पाण्याची नव्हती, हे मला कळत होतं.

गोतोवला पोहता येत नव्हतं. परत फिरलात तरी तक्रार करणार नाही, असं तो म्हणाला. मी कमरेचा पट्टा सोडून पेटी पाठीशी आणखी घट्ट आवळली आणि घोडा पाण्यात घातला. मागून त्याचाही आला…

मधोमध त्याचा घोडा घसरला. मी त्याची कॉलर पकडली ती पलीकडे पोहोचेपर्यंत सोडली नाही.

"आता सोडलीत तरी चालेल," तो म्हणाला.

"बघते," मी म्हणाले.

आजीने खारा चहा दिला आणि मत द्यायला ठेवणीतला रेशमी झगा घातला. आम्हाला तिने पाठ करून बसवलं. ओल्या खांद्याला ओला खांदा लावून आम्ही बसलो होतो… मागे आजी सावकाश, मन लावून खूण करत होती. तिचं नाक ओढणं ऐकू आलं. आम्ही वळलो नाही.

आमच्या भागात गोतोवचा पक्ष हरला. प्रमुखांनी सभा बोलावून, सांगूनही नदी ओलांडल्याबद्दल मला माफी मागायला सांगितलं, नाहीतर नोकरी सोड म्हणाले. मी उभी राहिले. आजीचा तंबू आणखी दोन नद्यांपलीकडे असता तरी गेले असते, असं म्हणून बाहेर पडले.

गोतोव पायऱ्यांवर होता. निकालानंतर त्याच्या पक्षाचे बाकी सगळे शहरात परतले होते. हाच मागे राहिला होता.

"का थांबलात?"

"तुमच्यासाठी," तो म्हणाला. "हरलेला माणूस चालेल का?"

"मला तरी कुठे नोकरी उरलीय?"

मी जवळ गेले. तो पुटपुटला, "प्रमुख खिडकीतून बघताहेत…"

"बघू देत," मी म्हणाले, आणि आमच्याकडे मुका घेतात तसा, भर दुपारी त्याच्या गालाला नाक लावून खोल श्वास घेतला.