पत्र्याच्या माणसाचं पोट

"यंदा पत्र्या मिळणार नाही. एकदा सांगितलं ना," गुमारो मिस्त्री म्हणाला आणि फडकं खांद्यावर टाकून दुकानात निघून गेला.

तिघं पोरं तोंडात मारल्यासारखी उभी राहिली. पत्र्या म्हणजे मिस्त्रीच्या मोटारदुरुस्तीच्या दुकानासमोरचा पत्र्याचा माणूस. जुन्या सायलेन्सरांचं धड, वाकवलेल्या नळ्यांचे हातपाय, डोक्यावर गवताची हॅट. दरवर्षी संत सांतियागोच्या जत्रेत तो मिरवणुकीच्या पुढे असायचा आणि त्याला उचलून न्यायचा मान पोरांचा. आता शाळेला सुट्टी लागली होती, जत्रा चार दिवसांवर आली होती, आणि हा म्हणे मिळणार नाही.

"का मिळणार नाही, तेही सांगत नाही," यादिरा धुसफुसली. ती तेरा वर्षांची होती. तिचा राग मिरचीसारखा होता. आधी कळायचा नाही आणि मग उतरायचा नाही.

तिचा धाकटा भाऊ उलिसेस शाळेच्या बँडमध्ये ताशा वाजवायचा. ताशाच्या काड्या सदैव त्याच्या मागच्या खिशात असायच्या आणि दिसेल त्या वस्तूवर तो त्या वाजवून बघायचा. जाता जाता त्यानं पत्र्याच्या पोटावर एक टोला दिला आणि थबकला. मग आणखी एक दिला.

"हा जेवलाय," तो म्हणाला.

"ऊन लागलंय तुला," चायो म्हणाली. ती त्यांची शेजारीण, मक्याच्या पोळ्या म्हणजे तोर्तिया विकणाऱ्या बाईंची मुलगी.

"खरंच. गेल्या वर्षी पोट टण्ण वाजायचं. आता ठप्प वाजतंय. आत काहीतरी भरलंय."

तेवढ्यात ओळखीचा भोंगा वाजला आणि आजोबांची निळी पिकअप खडखडत वळणावर आली. पुढच्या सीटवर आजी तोंडाला रुमाल लावून बसली होती. गाडीच्या आधी तिच्या धुराचा वास पोचला. कच्च्या पेट्रोलचा, डोळे चुरचुरवणारा.

"पास झाली?" यादिरानं धावत जाऊन विचारलं.

"नापास," आजोबा म्हणाले.

आजीची मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा तिला पुएब्ला शहरातल्या इस्पितळात यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यावं लागायचं. बसनं जायचं तर दोनदा उतरून चढायचं, आणि परत येताना तर तिला उभंही राहवायचं नाही. म्हणून ही पिकअप. पण धुराच्या तपासणीचा शिक्का काचेवर नसेल तर शहरात पोलीस गाडी उचलून नेतात. मुदत महिनाअखेरची. राहिले होते दहा दिवस.

आणि हे सगळं गेल्या आठवड्यातच निस्तरलं होतं. तपासणीआधी गाडी गुमारो मिस्त्रीला दाखवायची ही आजोबांची नेहमीची रीत. मिस्त्री म्हणाला, कन्व्हर्टर मेलाय, बदलावा लागेल. कन्व्हर्टर म्हणजे सायलेन्सरच्या अलीकडे बसवलेला पत्र्याचा जाड डबा. त्याच्या पोटात मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते आणि विषारी धूर तिथे मवाळ होतो. आजोबांनी दोन मेंढ्या विकून नवा डबा बसवून घेतला. तरी गाडी नापास!

"नव्या डब्यानं घाण वास का मारावा?" यादिरा म्हणाली. "उलिसेस, तुझ्या काड्या काढ."

गाडी थंड झाल्यावर तिघं पुठ्ठा अंथरून खाली घुसली. उलिसेसनं चकचकीत नव्या डब्यावर टोला दिला. टण्ण!

"पोकळ," तो म्हणाला. "आत काही नाहीच. आजोबांना नुसतं टरफल विकलंय."

"आणि जुना कुठाय?" चायोनं विचारलं.

जुना पार्ट खोक्यात घालून गिऱ्हाइकाला परत द्यायची त्या गावात पद्धत होती. काम केलं, त्याचा तो पुरावा. ते खोकं पिकअपच्या हौद्यात तसंच पडून होतं. यादिरानं ते उघडलं आणि तिचे कान तापले. खोक्यातल्या डब्याचं तोंड इतकं अरुंद होतं की पिकअपचा जाड पाइप त्याला लागलाच नसता. शिवाय त्यांच्या डब्यावर आजोबांनी मिरच्यांच्या लोणच्याचा टिनचा डबा कापून पट्टा बांधला होता. इथे पट्टा नव्हता.

"हा कुठल्यातरी छोट्या मोटारीचा आहे," ती म्हणाली. "आपला त्यानं ठेवून घेतला. त्यातल्या जाळीत महागडा धातू असतो म्हणे. शाळेत सांगितलं होतं."

आजोबांना सांगितलं तर ते उलट पोरांवरच उखडले.

"गुमारो माझा कोम्पाद्रे आहे. तुमच्या बापाला बाप्तिस्म्याच्या वेळी त्यानं हातात धरलंय. मुलाच्या धर्मबापाला चोर म्हणता?"

"तो काम करत होता तेव्हा तुम्ही तिथे उभे होता का?" यादिरानं विचारलं.

"कोम्पाद्रेच्या डोक्यावर उभं राहून बघायचं? त्याच्या तोंडावर थुंकण्यासारखं आहे ते."

"म्हणजे बघितलं नाही."

"यादिरा, तोंड आवर."

तिनं तोंड आवरलं, पण राग कुठे आवरतोय? मोठ्या माणसांचं हे असंच असतं. विश्वास यांनी टाकायचा आणि धूर आजीनं गिळायचा. ती रात्रभर चरफडत राहिली आणि सकाळी तिला नेमकी वाट सापडली.

तिघं थेट एर्मिलाबाईंकडे गेली. एर्मिलाबाई त्या वर्षी जत्रेच्या यजमानीण होत्या. यजमानाचा शब्द जत्रेच्या दिवसांत गावात पाद्रीसुद्धा मोडत नसे. पोरांनी चोरीचं नावही काढलं नाही. फक्त सांगितलं, "मिस्त्री पत्र्याला मिरवणुकीत पाठवत नाहीत."

"पाठवत नाही म्हणजे?" एर्मिलाबाईंनी एप्रन सोडला. "माझ्या जत्रेत पत्र्या नाही? फिदेन्सियोला म्हणावं, पिकअप काढ."

अशा रीतीनं फिदेन्सियो आजोबा, जत्रेच्या बँडचे चौघे बाप्ये आणि खुद्द यजमानीण भर दुपारी दुकानासमोर दाखल झाले. गिऱ्हाइकंही उभी होती. मिस्त्रीचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"गंजलाय हो तो, बाई. मोडेल."

"मोडला तर माझ्या माथी. उचला रे."

"गेल्या वर्षी मी आणि चायोनं दोघांनीच उचलला होता," उलिसेस निरागसपणे म्हणाला.

चौघा बाप्यांनी जोर लावला. पत्र्या जेमतेम वीतभर उठला आणि दाणकन खाली बसला.

"काय खाऊ घातलंस याला, गुमारो?" कुणीतरी विचारलं आणि सगळे हसले. मिस्त्री हसला नाही. तो पत्र्याच्या पुढ्यात येऊन उभा राहिला. पण यादिरा मागच्या बाजूला होती. पाठीवरच्या दोन तारा तिनं पिळून सोडवल्या, पत्रा ओढला, आणि पत्र्याच्या पोटातून डबे गडगडत रस्त्यावर आले. एक, दोन, पाच, नऊ. गंजलेले, जड, पोटात जाळी असलेले. दहाव्याला लोणच्याच्या टिनचा पट्टा होता.

हसणं थांबलं. पाण्याच्या टँकरवाल्यानं एक डबा उचलून उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, "हा तर माझा."

आजोबा खाली वाकले. त्यांनी पट्ट्यावरून अंगठा फिरवला. पट्ट्यावर हिरव्या मिरचीचं चित्र अजून अर्धं शिल्लक होतं.

"ही मिरची तू खाल्ली होतीस, कोम्पाद्रे," ते म्हणाले. "पोराच्या लग्नात. माझ्या टेबलावर. डबाही तूच फोडला होतास."

मिस्त्री काहीतरी पुटपुटला. डब्यांचा खरेदीदार शुक्रवारी येऊन घेऊन गेला असता, चूक झाली, नवा बसवून देतो.

"तुझा हात आता माझ्या गाडीला लागणार नाही," आजोबा म्हणाले. "आणि कोम्पाद्रे म्हणू नकोस मला."

एर्मिलाबाईंनी दुकानाला कुलूप लावून किल्ली सरपंचांकडे पाठवली आणि डब्यांच्या मालकांची यादी करायला बसल्या.

त्या संध्याकाळी अंगणात आजोबा गाडीखाली शिरले. उलिसेसनं आधी जुना डबा वाजवून पाहिला. ठप्प. जाळी तोंडापासून शेवटापर्यंत शाबूत. कन्व्हर्टर मेलाच नव्हता! चायो पाने द्यायची, उलिसेस टॉर्च धरायचा आणि यादिरा बोल्ट मोजायची. टरफल निघालं, दोन्ही तोंडांना गॅस्केटच्या नव्या चकत्या बसल्या, आणि लोणच्याचा पट्टा पुन्हा जागेवर गेला.

बुधवारी गाडी पास झाली. शिक्का काचेवर चिकटवायला आजोबांनी यादिराच्या हातात दिला.

"काल बोललो ते मागे घेतो," ते म्हणाले. "माझ्या डोळ्यांपेक्षा तुमचे कान खरे निघाले."

"काल नाही, परवा," यादिरा म्हणाली. तिचा राग अजून पुरता उतरला नव्हता. पण शिक्का तिनं अगदी सरळ चिकटवला.

गुरुवारी इस्पितळातून परतताना आजीनं तोंडाला रुमाल लावलाच नाही. खिडकीला डोकं टेकून ती घरापर्यंत गाढ झोपली होती, आणि तिला जाग येऊ नये म्हणून उलिसेसनं वाटेत कशावरही काडी वाजवली नाही.