दव वाळेपर्यंत

सुझाना त्या सकाळी मिरचीच्या रोपाला शिव्या देत होती. मोठ्याने, आणि अगदी मनापासून.

"खायला शेणखत, प्यायला विहिरीचं गोडं पाणी, तरी पानं टाकतेस? लाज नाय वाटत?"

"वाटते की," कुंपणापलीकडून उत्तर आलं. "पण करणार काय... बदकाला न्यायला आलोय."

सुझानाने वळून पाहिलं. वाफ्याच्या मधोमध एक बदक बसलं होतं आणि कुंपणापलीकडे फेलिक्स उभा होता. ठाण्यात आगगाडी येऊन तीसएक वर्षं झाली होती. तिची शिट्टी झाली की शेजारच्या कोपरी गावची बदकं अजून दचकत. माणसंही दचकत, पण कबूल करत नसत. आज त्या शिट्टीला घाबरून सेसिलियाचं बदक सुझानाच्या वाफ्यात शिरलं होतं, आणि सेसिलियाचा मुलगा त्याच्यामागून आला होता.

फेलिक्सला कोपरीत कोण ओळखत नव्हतं? चार मुलींच्या पाठीवर तो झाला आणि झाल्या झाल्या तापाने निळा पडला. तेव्हा सेसिलियाने क्रुसापुढे शब्द दिला, 'हा जगला तर तुझा.' तो जगला, आणि तेव्हापासून गावाने त्याला देवाचा माल समजून सांभाळलं. म्हाताऱ्या त्याच्यासमोर भांडण आवरत आणि तो गेला की राहिलेलं पुरं करत. नाताळ झाला की तो गोव्याला पाद्री व्हायला जाणार होता. मुलींना त्याच्याकडे पाहायची बंदी नव्हती. चर्चमधल्या आल्तारावरच्या मेणबत्तीकडे पाहायची तरी कुठे असते?

"तुझ्या बदकानंच पानं पाडली," सुझाना म्हणाली.

"बदक आत्ता आलं. पानं तर केव्हाची पिवळी दिसतायत." तो आत आला, वाकला, खालचं एक पान त्याने उलटसुलट केलं. "हे बघ. डाग हाय. मधे फिकट, कडेनं काळा. बेडकाच्या डोळ्यासारखा."

"बेडकाच्या डोळ्यात कधी बघितलंस?"

"पाद्री व्हायचं त्याला सगळ्यांच्या डोळ्यात बघावं लागतं," तो म्हणाला. हे तो तिच्या डोळ्यांत पाहून म्हणाला, आणि मग घाईघाईने बदकाकडे पाहू लागला.

ही मिरची साधी नव्हती. बी सुझानाच्या आईचं. लांब, जराशी वाकडी, आणि मसाल्याला असा रंग की लग्नाचं जेवण बघूनच लोक पाणी मागत. आई दोन वर्षांपूर्वी गेली. तिच्या हातचं उरलंसुरलं बी सुझानाने या पावसाळ्यात लावलं होतं. हा वाफा गेला की ते बी संपलं. आईच्या हातचं दुसरं काही घरात नव्हतं.

कोपरीत मिरचीचे वैद्य पुष्कळ निघाले. वडील सिल्वेस्टर म्हणाले, बदक. मावशी म्हणाली, नजर. शेजारचा कचेरीतला कारकून म्हणाला, उष्णता. तो दाढदुखीलाही उष्णताच म्हणायचा. रोपांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि पानं टाकणं चालू ठेवलं.

फेलिक्स मात्र रोज पहाटे येऊ लागला. दव पडलेलं असायचं, वडील खाडीवर जाळं पाहायला गेलेले असायचे.

"कीड नाय. पानाला भोक कुठं हाय?"

"मग?"

"तहान पण नाय. माती ओली हाय. पानं खालून वर गळतायत... तू पाणी कसं घालतेस?"

तिने तांब्या उंच धरून रोपाच्या डोक्यावर ओतून दाखवलं.

"आंघोळ घालतेस होय? चिखल उडून पानांवर बसतो. बुंध्याशी ओत."

"पाद्रीबुवा, तुला कुणी आंघोळ घातली तर आवडेल, आणि तिला नको?"

तो कानापर्यंत लाल झाला. त्या क्षणी त्या वाफ्यात पिकलेलं तेवढंच होतं.

ती बुंध्याशी पाणी घालू लागली. तरी डाग वाढतच होते. तोही रोज एकेक पान बोटांनी उचलून पाहायचा, आणि पाहता पाहता दुसरंच काहीतरी बोलत राहायचा... गोव्यात समुद्र किती मोठा असेल, तिथे त्याच्याशी कोण बोलेल. सुझाना डागाचं विचारायची आणि उत्तर आलं नाही तर तिला बरंच वाटायचं.

मग एका रविवारी प्रार्थनेनंतर ती सेसिलियाकडे गेली. ओटीवर फेलिक्सचा पाद्रीचा पांढरा झगा शिवायला घेतलेला होता. चष्मा नाकावर ओढून सेसिलिया बारीक बारीक टाके घालत होती.

"बघ गो बाय, मापात होईल का? रोज रात्री जरा जरा शिवते. त्याला हाताने शिवलेलंच देणार मी."

मागच्या दारी सेसिलियाची मिरची होती. सुझानाने सहज पाहिलं, आणि तिथेच थांबली. तेच डाग. मधे फिकट, कडेनं काळे.

"फेलिक्स पहाटे उठून ती सडकी पानं काढतो," सेसिलिया ओटीवरूनच अभिमानाने म्हणाली. "मग बाहेर जातो. एकटाच. देवाचं चिंतन करतो."

घरी येऊन सुझाना वाफ्यापाशी उभी राहिली. वाटेकडची ओळ, जिथे फेलिक्स उभा राहायचा, जवळजवळ बोडकी झाली होती. विहिरीकडची ओळ, जिला फक्त तिचा हात लागायचा, हिरवीगार होती. आता यात वैद्याची गरज नव्हती.

उद्या सांगू, असं तिने ठरवलं. तो उद्या आला, हसला, आणि तिने परवावर टाकलं. असे बरेच उद्या गेले. मग एका पहाटे गप्पांच्या नादात तो विहिरीकडच्या ओळीत जाऊन उभा राहिला, आणि थोड्याच दिवसांत तिथेही पहिलं पान गळलं. आईचं बी तिच्या डोळ्यांदेखत चाललं होतं, आणि ती गप्प होती.

"फेलिक्स," शेवटी एका पहाटे ती म्हणाली, "माझ्या मिरचीला तूच झालायस."

तो हसला. मग तिचं तोंड पाहून थांबला. तिने त्याच्या घरची मिरची सांगितली, दोन ओळी दाखवल्या. तो स्वतःच्या ओल्या हातांकडे पाहत राहिला.

"म्हणजे रोग मी."

"तू नाय रे. तुझे हात. ओल्या पानाचं ओल्या पानाला लागतं."

"आणि मना वाटत व्हतं, मी बरं करतोय."

त्यानंतर तो कुंपणाबाहेर उभा राहू लागला, हात पाठीमागे बांधून. आत्ताच पाद्री झाल्यासारखा दिसायचा. सुझानाने डाग पडलेली पानं वेचून जाळली. रोपांना नवी पालवी आली, फुलं आली, मिरच्या लोंबू लागल्या. तिला फार आनंद व्हायला हवा होता. पण पानागणिक त्याच्या येण्याचं कारण कमी होत होतं, आणि एके दिवशी डाग शोधूनही सापडला नाही. दोघंही बराच वेळ शोधत होती; तो बाहेरून, ती आतून.

नाताळ झाला. जायच्या आदल्या दिवशी तो पहिल्यांदाच भर दुपारी आला. आळीतले सगळे जागे होते. मावशी ओट्यावर, कारकून खिडकीत. सुझानाने कुंपणाच्या बेड्याची काठी सरकवून वाट मोकळी केली.

"आता पानं सुकी हायेत. आत ये."

"लोकं बघतील."

"बघू दे."

त्याने लाल झालेल्या मिरच्या तोडल्या, तिने ओचा धरला. एका मिरचीवर दोघांचे हात आले, आणि कुणीच काढून घेतला नाही.

"सुझाना... राहा म्हण. एकदा. मी आयला सांगतो."

तो शब्द तिच्या ओठांवर कित्येक पहाटांपासून होता. तिला ते बारीक टाके दिसले, आणि नाकावर घसरणारा चष्मा.

"राहा म्हटलं तर राहशील?"

"राहीन."

"खरंच?"

"खरंच."

"मग नाय म्हणत," ती म्हणाली. "तुझी आय रोज रात्री तुला शिवतेय रे. माझ्या आयचं बी मी तुला बाहेर ठेवून वाचवलं. तुझ्या आयचं मी कुठल्या तोंडानं घेऊ?"

त्याचे डोळे भरले.

"इथं नको," ती हळूच म्हणाली. "पानं ओली व्हतील."

तो निमूटपणे बाहेर गेला आणि भर रस्त्यात, भर दुपारी रडला. गावाने त्याला भक्ती मानलं. मावशीने तर त्या दिशेने हात जोडले.

पुढच्या पावसाळ्यात सुझानाने ते बी पेरलं. झाडं अशी आली की सिल्वेस्टर येणाऱ्याजाणाऱ्याला हाताला धरून दाखवायचे. एका पानावर डाग नव्हता. मावशी म्हणाली, नजर लागेल गो. सुझाना म्हणाली, लागू दे.

रोज पहाटे ती कुंपणाबाहेर येऊन उभी राहायची, तो उभा राहायचा तिथे, हात पाठीमागे बांधून. आत का जात नाहीस, असं वडिलांनी एकदा विचारलं.

"दव हाय," ती म्हणाली. "ओल्या पानांना हात लावायचा नसतो."

आणि तेही खरंच होतं.