तेवढा एक दिवा

यात माझ्या साडूला मिळणार काय होतं, ते आधी सांगतो.

एक वाक्य.

सासऱ्यांच्या तोंडून, चार माणसांत, "जावईबापू, जमलं तुम्हाला!" बस. याहून जास्त काही नाही.

एवढ्यासाठी माणूस इतका खपला हे ऐकून हसाल. हसा खुशाल. पण जे घडलं ते खरं आहे. मी त्याच्या गॅलरीत बसून, त्याच्या तोंडून ऐकलंय. आणि सांगताना त्याने एकदाही डोक्यावरच्या दिव्यावरून नजर हलवली नाही.

साडू चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. घरात सगळे त्याला 'चष्मेवाले' म्हणतात. तो धाकटा जावई, मी थोरला. मी काहीही न करता सासऱ्यांचा लाडका, आणि तो राबराब राबूनही बिनकामाचा, अशी आमच्याकडची वाटणी. ती मी केलेली नाही. पण मला ती गैरसोयीचीही नव्हती.

सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली तसे म्हणाले, "आता एकदा आकाशगंगा बघायची. लहानपणी पाहिलेली. पुढे शहरात ती हरवलीच."

साडू खुर्चीतून उठलाच. "बाबा, सगळं माझ्याकडे लागलं."

पहिल्या खेपेला पठ्ठ्याने नेमकी पौर्णिमा धरली. चंद्र असा की डोळे दिपावेत. सासरे म्हणाले, "चष्मेवाले, सांगितलं असतं तर पेपर घेऊन आलो असतो वाचायला."

दुसऱ्या खेपेला ढग.

तिसऱ्या खेपेला चंद्र नाही, ढग नाहीत, आणि शेजारच्या मैदानावर फ्लडलाइट लावून सामने. सासरे गाडीतून उतरलेच नाहीत.

"अहो, सोडा ना नाद," त्याची बायको म्हणाली. "तारे कुठे पळून चाललेत?"

"तारे नाही पळत. तुझे बाबा पळतात. थोरल्यांकडे."

थोरले म्हणजे मी. हे तो माझ्यासमोरच बोलला. मी चहा पीत राहिलो.

शेवटी त्याला जागा सापडली. गाडीने दोन तासांवर एक लहान गाव. गावाबाहेर बंद पडलेली गिरणी, आणि गिरणीमागे उघडं पठार. ना रस्त्यावरचे दिवे, ना दुकानं. नुसता गडद अंधार.

एक घर सोडून.

पठाराच्या कडेला एकटंच घर. दारावर पत्र्याची टोपी घातलेला एक बल्ब. पिवळाजर्द. त्या एका बल्बाने अर्ध्या पठाराची वाट लावली होती.

त्या घरात शिवणकाम करणारी एक बाई राहायची. एकटी. डोळे लाल, झोपेला पारखे झालेले. साडू दिवसाउजेडी तिला भेटायला गेला.

"बाई, एका संध्याकाळपुरता तेवढा दिवा बंद ठेवाल? माझ्या सासऱ्यांना तारे बघायचेत."

"बाकी काही मागा. पाणी मागा, खुर्च्या मागा. तेवढं नका मागू."

"पण का?"

"भाऊ येतो माझा."

"येऊ दे ना! मी टॉर्च देतो त्याला. हवं तर दारापर्यंत आणून सोडतो."

बाईचा पाय मशीनवरच थांबला. तिने साडूकडे असं पाहिलं, जसं दुकानात तो चुकीचा नंबर सांगणाऱ्या गिऱ्हाइकाकडे पाहतो.

"तो आत येत नाही," ती म्हणाली. "दिवा बघतो. आणि जातो."

साडूला वाटलं, भाऊ रात्रपाळीला असेल, भांडण असेल, असतात एकेक घरं. पण त्याच्या डोक्यातून तो बल्ब जाईना. चंद्राचं जमवलं, ढगांचं जमवलं, आणि आता एका बल्बासाठी अडून बसायचं? त्याच्या मस्तकात गेली ती गोष्ट.

अमावस्येच्या आदल्या दिवशी तो एकटाच दुर्बीण घेऊन तिथे गेला. अमावस्या म्हटलं की तुमचे कान टवकारतात, माहीत आहे मला. पण तारे बघणाऱ्याला चंद्र नको असतो, इतकाच तिचा अर्थ. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे जाणार होतो. त्याआधी त्याला रंगीत तालीम करायची होती.

थंडीचे दिवस. अंधार लवकर पडला.

घराचं दार बंद. आत मशीनची खटखट चालू. बाहेर तो बल्ब, आपला ढिम्म जळतोय.

दहा मिनिटं, साडूने स्वतःला सांगितलं. दहा मिनिटं काढून ठेवतो, आभाळ बघतो, परत लावतो. तिला पत्ताही लागणार नाही.

तो पायरीवर चढला. रुमालात धरून बल्ब फिरवला. काढला. जाकिटाच्या खिशात टाकला.

आणि आतली खटखट...

थांबली.

तो श्वास रोखून उभा राहिला. दार उघडलं नाही. कोणी हाकही मारली नाही. तो चवड्यांवर पठारावर आला, दुर्बिणीजवळच्या छोट्या स्टुलावर बसला आणि वर पाहिलं.

आकाशगंगा! या टोकापासून त्या टोकापर्यंत. कुणी मुठीने पीठ उधळल्यासारखी. त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. उद्या बाबा काय म्हणतील, कुठल्या सुरात म्हणतील, सगळं त्याला ऐकू यायला लागलं.

रातकिडे किरकिरत होते.

मग...

किरकिरणं बंद झालं.

त्याने मान खाली केली. जमिनीला टेकलेल्या आभाळात, अगदी तळाशी, एक तारा विझला.

"झालं!" तो चरफडला. "आले ढग. माझ्याच राशीला!"

तो तारा परत दिसला. शेजारचा विझला. मग तोही दिसला, आणि त्याच्या पलीकडचा गेला.

ढग इतका अरुंद नसतो.

आणि ढग थबकत नाही. हा थबकला. दोन पावलं पुढे, एक मागे. वाट चुकलेलं माणूस चालतं तसा. वारा तर अजिबात नव्हता.

ते घराच्या दिशेने सरकलं. साडू वळून बघत राहिला. दिसत काहीच नव्हतं. फक्त एकामागून एक तारे जात होते आणि येत होते.

मग घराकडून आवाज आला...

टण्.

दारावरच्या पत्र्याच्या टोपीचा. कुणीतरी हाताने चाचपत होतं.

टण्... टण्...

मग शांतता. बराच वेळ.

त्याने परत तिकडे पाहिलं. आता तारे डावी-उजवीकडे विझत नव्हते. तळापासून वर विझत चालले होते. आधी खालचे. मग त्यांच्या वरचे. मग त्यांच्याही वरचे.

हे कळायला त्याला क्षणभर वेळ लागला. काही उंच होत नव्हतं...

ते जवळ येत होतं.

दुर्बीण तिथेच टाकून तो धावला. गाडीत शिरला, दिवे लावले. समोर मोकळं पठार. सुकलेलं गवत. कुणी नाही. त्याची कोलमडलेली दुर्बीण तेवढी दिसली.

घरी पोचल्यावर त्याने जाकीट काढलं, तेव्हा खिशात हात गेला.

बल्ब.

दोन तासांच्या प्रवासानंतरही... गरम होता.

तो गॅलरीत आला. तिसरा मजला. समोरच्या इमारतीत खिडक्या उजळलेल्या. त्यातली एक अंधारली. मग उजळली. मग तिच्या शेजारची.

कठड्याच्या लगेच पलीकडे.

जिथे पाय ठेवायला काहीही नाही.

त्याने गॅलरीतला दिवा उपसून काढला, तो बल्ब बसवला आणि बटण दाबलं. समोरच्या सगळ्या खिडक्या एकदम दिसायला लागल्या.

सकाळी त्याने आम्हाला फोन केला. "ढग आहेत. रद्द."

आमच्याकडे आभाळ लख्ख होतं. "चष्मेवाले!" एवढंच बोलून सासऱ्यांनी फोन माझ्या हातात दिला.

दुपारी तो बल्ब परत द्यायला गेला. बराच वेळ दार ठोठावल्यावर बाईने उघडलं. केस विस्कटलेले, गालावर उशीचे वळ.

"झोपले होते हो," ती जांभई देत म्हणाली. "किती वर्षांनी!"

"बाई, चुकलो. हा घ्या तुमचा बल्ब."

"आता मला नको. काल तो दाराशी आला, चाचपलं, आणि निघून गेला. परत आला नाही."

"पण... तो कोण..."

"एका संध्याकाळी पठारावर गेला होता. मी दिवा लावायला विसरले. त्याला घर सापडलं नाही, पलीकडे कडा आहे." जेवण झालं का विचारावं, तसं सांगितलं तिने. "ज्याने अंधार केला, त्यालाच तो विचारायला येणार ना? इतकी वर्षं मी होते."

आणि तिने दार लावून घेतलं.

पुढच्या अमावस्येला सासऱ्यांना आणि घरच्या सगळ्यांना मीच घेऊन गेलो. साडू आला नाही. पठारावर मिट्ट काळोख. बाईच्या घरात एकही दिवा नाही. सासरे मान वर करून उभे होते आणि लहान पोरासारखे रडत होते. मग त्यांनी आपणहून त्याला फोन लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"जावईबापू, जमलं तुम्हाला! काय जागा शोधलीत!"

साडूने विचारलं, "बाबा... खाली बघता का? अगदी जमिनीलगत. सगळे तारे आहेत ना? मधेच एखादा विझत नाही ना?"

"छे! एकूण एक आहे."

"बरं," साडू म्हणाला. "म्हणजे इथेच आहे."

त्याची दुर्बीण आता सासऱ्यांकडे असते. तो अंधार पडायच्या आत घरी येतो आणि गॅलरीतला दिवा लावतो. शेजाऱ्यांनी तक्रार केली, बायको माहेरी राहून आली, तरी लावतो. दुसरे बल्ब आणून ठेवलेत, पण ते चालतील का, हे बघायची त्याची छाती होत नाही.

गेल्या आठवड्यात मी गेलो तेव्हा तो बल्ब मिणमिणत होता.

सासऱ्यांना आकाशगंगा मिळाली. बाईला झोप मिळाली. साडूला त्याचं वाक्य मिळालं, अगदी शब्दाला शब्द. किंमत सगळ्यांच्या वाटची त्याने एकट्याने मोजली, आणि ती अजून फिटलेली नाही.