मिनिटाला वीस गाड्या

पटो अगर न पटो, पण हे घडलंय. रात्रसुद्धा नव्हती. बेंबळीतली वैशाखातली भर दुपार होती आणि घरात पौर्णिमा आणि तिची आई मालनबाई, दोघीच होत्या.

पौर्णिमाचा थोरला भाऊ बुद्धघोष दिवाळीनंतर मोटारसायकलच्या अपघातात गेला होता.

तो कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचा आणि घरी बहिणीला. तिचं चुकलं की तोंडानं बोलायचा नाही. टेबलावर पेन आपटायचा.

टक टक.

पौर्णिमाची चूक ठरलेली. स्टँडवर एसटीची वाट किती वेळ बघावी लागेल, ते कॉम्प्युटरवर काढायचं. सॉफ्टवेअर मागायचं 'रेट', म्हणजे मिनिटाला गाड्या किती. ही बाई बिनधास्त वाट बघायची सरासरी वेळ टाकून मोकळी. वीस.

"मिनिटाला वीस गाड्या? बेंबळीच्या स्टँडवर?" दादा पोट धरून हसायचा. "एक भागिले वीस, पुनी. ते कुठला पॅरामीटर मागतंय, आधी वाच की."

त्या दुपारी ती लॅपटॉपवर प्रॅक्टिकलची तयारी करत होती. तंद्रीत तिनं पुन्हा वीसच लिहिलं...

टक टक.

समोर दादाची रिकामी खुर्ची होती. टेबलावर पेन नव्हतं.

लाईट गेलेली, पंखा बंद, वाऱ्याचा पत्ता नाही...

आतून आई म्हणाली, "बुद्धा आला व्हय गं?"

म्हणजे आईनंही ऐकलं होतं.

पौर्णिमाच्या अंगावर सरसरून काटा आला, पण ती पळाली नाही. सख्ख्या भावाला भ्यायचं कसं?

तिनं सॉफ्टवेअरचं मदतीचं पान उघडलं, सावकाश वाचलं आणि एक भागिले वीस लिहिलं. आकडे पडले. सात मिनिटं, अठरा, मग एकदम चाळीस. आपली एसटी येते अगदी तसे.

या वेळी आवाज आला नाही.

तेव्हा तिच्या ध्यानात आलं. चूक होती तोवरच दादा होता. ती ढसाढसा रडली.

घाईघाईनं तिनं पुन्हा वीस लिहिलं. "दादा, बघ, चुकले."

काहीच नाही...

मुद्दाम केलेली चूक त्याला नेहमीच कळायची.

आणि तेवढ्यात खुर्ची हळूच मागं सरकली... माणूस उठताना सरकते तशी.

"थांब की रे," ती म्हणाली.

प्रॅक्टिकलला तिला पैकीच्या पैकी मिळाले. खुर्ची अजून तशीच आहे. मालनबाई झाडतानाही तिला हात लावत नाहीत. पौर्णिमा रोज दुपारी वीस लिहिते आणि कान देऊन बसते.

परवा आईनं विचारलं, "आणखी किती दिवस बसशील गं अशी?"

पौर्णिमाला उत्तर ठाऊक होतं, पण ते आईला सांगवेना. दादानंच शिकवलं होतं. एसटीची वाट बघायच्या या गणितात आधी किती थांबलात ते धरत नाहीत. कितीही थांबलं, तरी पुढं थांबायचं सरासरी तेवढंच उरतं.