ऑरिनची सीट

ज्याला वजन नाही, ते नाही. एवढं एकच सूत्र धरून मी आयुष्य काढलं. आयोवातल्या आमच्या गावच्या धान्यकोठारावर मी ट्रकांचा काटा सांभाळायचो. मक्याने भरलेला ट्रक मोजायचा, रिकामा झाला की पुन्हा मोजायचा, वजाबाकी करायची आणि घरी यायचं. त्यामुळे भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी सरळ कॉफी ओतून घ्यायला उठतो. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की गॉर्डनचं डोकं फिरलं.

तर शेजारचा ऑरिन लुंडक्विस्ट मे महिन्यात गेला. नाश्त्याच्या टेबलावर, बसल्या जागी. आमच्याकडे कुणी गेलं की शेजारी दोन गोष्टी करतात. भांडंभर शिजवलेलं नेऊन देतात, आणि न विचारता अंगणातलं गवत कापून येतात. आभार कुणी मानत नाही. पण भांडं कधी रिकामं परत येत नाही, आणि गवताचंही तसंच. आज तुम्ही त्यांचं कापलंत की कधीतरी ते तुमचं कापून जातात. नुसतं कापायला गेलात, तरी ते हिशेबात धरलं जातं. माझी बायको डोरीन शेवया आणि मासे घालून भाजलेल्या पदार्थाचं भांडं घेऊन गेली, आणि मी माझी गवत कापायची मशीन घेऊन निघालो.

माझी मशीन हिरवी. ऑरिनची लाल. दोन्ही बसून चालवायच्या, कामाला सारख्याच. पण आमच्याकडे घराणी असतात. आजोबांनी ज्या रंगाचा ट्रॅक्टर घेतला, त्याच रंगावर नातू मरतो. आमच्या दोघांच्या अंगणांमध्ये कुंपण नाही. त्या हद्दीवर उभं राहून ऑरिन उभा जन्म माझ्या मशीनला बेडूक म्हणत आला आणि मी त्याच्या मशीनला आगीचा बंब. एकदा चालवून बघ म्हटलं की तो म्हणायचा, "हिरव्यावर? मेल्यावरच." जीव होता आमचा एकमेकांवर. पण ते बोलून दाखवायची इथे पद्धत नाही.

त्या दिवशी बरोबर हद्दीवर माझी मशीन बंद पडली. मागे ढकलली की सुरू, पुढे नेली की बंद. पेट्रोलमध्ये कचरा असणार, म्हटलं. दुसऱ्या दिवशी पलीकडचा ड्वेन स्वतःची घेऊन आला. तीही हिरवी. तीही तिथेच बसली. पोर्चच्या पायरीवर उभी राहून ऑरिनची बायको मार्लिस बघत होती. ती म्हणाली की जिवंतपणी त्याने कधी हिरवी येऊ दिली होती का, मग आता कशी येऊ देईल. मला ते दुःखातलं बोलणं वाटलं.

खरी पंचाईत पुढेच होती. जूनमध्ये त्याच अंगणात ऑरिनच्या नातीचं, ॲनिकाचं लग्न. ती एवढीशी होती तेव्हापासून आजोबाने शब्द दिलेला: तुझ्या लग्नाला गवत मी कापणार, आडव्यातिडव्या पट्ट्यांचं. आता तंबू ठरलेला, पाहुणे मिनेसोटाहून निघालेले, आणि गवत गुडघ्याला लागलेलं. पैसे देऊन कापून घ्यायचं म्हणाल, तर आमच्या गल्लीत घटस्फोट चालतो, ते नाही चालत. शुक्रवारी मार्लिसने मला शेडची किल्ली दिली. चर्चच्या शिस्तीत वाढलेली बाई, रडणार कसली.

"उद्या लग्न आहे, गॉर्डन. त्याचा शब्द खाली पडला तर मला त्या पोरीच्या तोंडाकडे बघवणार नाही. तेवढी लाल सुरू करून दे."

शेडमध्ये वाळलेल्या गवताचा वास होता, आणि ऑरिन सदा चघळायचा त्या पेपरमिंटच्या गोळ्यांचा. मी बाह्या सरसावल्या. जुनं पेट्रोल काढून नवं भरलं. बॅटरी चार्ज केली. हवेच्या जाळीत उंदराने संसार थाटला होता, तो उठवला. प्लग काढून घासला, पुन्हा घट्ट बसवला. फ्यूज शाबूत. ब्रेकचा खटका लावला, सीटवर बसलो, किल्ली फिरवली. टक् सुद्धा नाही.

राहिलं काय, तर सीटखालचं बटण. माणूस बसला की सीट दबते, बटण दाबलं जातं आणि मगच इंजिन सुरू होतं. माणूस उठला की सीट स्प्रिंगवर बोटभर वर येते आणि इंजिन बंद. कुणी पडलाच तर पात्यांखाली सापडू नये म्हणून ही सोय. बटण बघायला मी उठलो.

सीट वर आली नाही.

स्प्रिंग गंजली, म्हटलं. ऑरिन अडीचशे पौंडांचा गडी, किती वर्षं सोसेल बिचारी. बाजूला उभा राहून किल्ली बंद करायला गेलो, ती चुकून उलटी फिरली, आणि मशीन पहिल्या फटक्यात सुरू झाली.

बसलो. बंद. उठलो, किल्ली फिरवली. सुरू.

कुणीतरी तारा उलट्या जोडल्या असणार. सीट उचलून बघायला गेलो. ती बिजागरीवर असते, दोन बोटांनी उचलता येते. मला दोन्ही हात लावावे लागले, तरी कशीबशी वीतभर उचलली. तारा बरोबर होत्या. सीट सोडली, ती धप्पकन बसली. काट्यावरच्या माणसाला वजन सांगावं लागत नाही. मी मान्य केलं नाही, ही गोष्ट वेगळी.

मार्लिस कॉफीला बोलवायला आली. मी तिला तारांचं, स्प्रिंगचं, गंजाचं सगळं समजावून सांगितलं, एकदा बसून दाखवलं, एकदा उठून दाखवलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग सीटकडे बघत म्हणाली, "गॉर्डन, तू त्याच्या मांडीवर बसतोयस."

आयुष्यात मी एवढा लाजलो नव्हतो. लग्नातसुद्धा नाही.

"ऑरिन," ती त्या सीटला म्हणाली, "कडेची पिओनीची फुलझाडं तेवढी सांभाळ." आणि माझं कोपर धरून मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. खिडकीचा पडदा ओढला. काम करताना कुणी बघितलेलं त्याला खपत नाही, म्हणाली.

टेबलावर तिसरा कप होता. मी माझा ओढून घेतला.

शेडचं दार सरकल्याचा आवाज आला.

मशीन अंगणात उतरली. पाती लागली, तसा आवाज जाड झाला. रस्त्याकडे गेली, वळली, परत आली. सफरचंदाच्या झाडाशी दर वेळी जरा मंदावायची. तिथे फांदी खाली आली आहे. डोकं वाकवावं लागतं.

माझं डोकं वाकवायची तिथे गरज नव्हती. तरी मी वाकवत होतो.

मार्लिसने परसातल्या आंबट रुबार्बच्या देठांच्या वड्या पुढे केल्या. आम्ही खाल्ल्या.

मग आवाज थांबला.

बाहेर आडव्यातिडव्या पट्ट्या पडल्या होत्या, हातरुमालासारख्या. पिओनीचं पान दुखावलं नव्हतं. मशीन शेडमध्ये होती, पाठमोरी आत घातलेली, ऑरिन लावायचा तशी. सीट वर आलेली. हाताने दाबली, दबली. सोडली, वर आली. स्प्रिंगला काही झालेलं नव्हतं. तिसऱ्या कपातली कॉफी तशीच होती. वडी मात्र एक कमी होती. ती मी खाल्ली असेल.

लग्न झकास झालं. ॲनिका त्या गवतावर अनवाणी चालली आणि एकदा खाली वाकून तिने तळवा टेकला. गवत कुणी कापलं, असं ज्याने त्याने विचारलं. मार्लिस म्हणाली, ऑरिनने. लोकांनी बिचारी म्हणून तिच्या पाठीवर हात ठेवला. मी माझ्या बुटांकडे बघत राहिलो.

रविवारी चर्च सुटल्यावर ती डोरीनचं भांडं परत द्यायला आली. आत वड्या होत्या.

"हे भांड्याचं," म्हणाली आणि गेली.

सोमवारी सकाळी मी माझ्या गवताला हात घालायचं ठरवलं. गॅरेजमध्ये गेलो. ब्रेक लावला, हिरवीवर बसलो, किल्ली फिरवली. टक् सुद्धा नाही. पेट्रोल ताजं. बॅटरी नवी. गॅरेजमध्ये पेपरमिंटचा वास होता. आमच्या घरात कुणी पेपरमिंट खात नाही.

बराच वेळ मी तसाच बसून राहिलो. डोरीनने जेवायला हाक मारली तरी उठलो नाही, कारण उठायची हिंमत होत नव्हती. शेवटी उठलो.

सीट वर आली नाही.