पुसलेल्या सह्या

प्रदर्शनाच्या हॉलमध्ये चित्रं जागच्या जागी होती. सह्या तेवढ्या गायब!

"माझं नाव पुसलंय, साहेब!" चित्रकार थयथयाट करत होता. "तासाभरात गिऱ्हाइकं येतील. या फ्रेमवाल्याला आधी आत टाका. काल आमचं वाजलंय, आणि जेवणाच्या सुट्टीत हॉलमध्ये हाच होता."

फ्रेमवाला रडकुंडीला आला. "मी नुसते खिळे ठोकले हो! पोराबाळांचा माणूस मी, असलं कशाला करू?"

"आणखी कोण होतं?" फौजदारांनी विचारलं.

"माझी बायको. तिचं काय घेऊन बसलात!"

बायको दाराशी खुर्चीवर बसली होती.

फौजदार एका चित्राला नाक लावून उभे राहिले. सहीच्या जागी काळपट फराटा. खालचा रंग मात्र जरासुद्धा हलला नव्हता.

"सही कधी करता?"

"चित्र ओलं असतानाच. जातिवंत चित्रकार तसंच करतो."

"आणि ही चित्रं कधीची?"

"गेल्या वर्षीची."

कोपऱ्यातल्या चित्रात एक घोडा होता. घोडा कसला, शेपूट लावलेलं टेबलच ते! त्याच्यावरची सही मात्र शाबूत, आजूबाजूला पुसल्याचा एक डाग नाही. फौजदारांनी रुमालानं घासून पाहिलं. सही ढिम्म हलली नाही.

"फ्रेमवाल्याला सोडा," ते म्हणाले. "वर्षभर वाळलेली सही फडक्यानं निघत नाही. घोड्याची निघाली नाही, बघा. बाकीच्या निघाल्या, कारण त्या आज सकाळी केल्यात. चित्रं ओली होती तेव्हा हे महाशय जवळपासही नव्हते. चित्रं काढणारं माणूस वेगळंच. फ्रेमवाल्यानं राग काढला असता तर घोड्यालाही फडकं लावलं असतं. पुसणाऱ्यानं घोड्याला हातच लावला नाही, म्हणजे घोडा कुणी काढलाय ते त्याला पक्कं ठाऊक होतं." ते दाराकडे वळले. "बाई, घोडा का सोडलात?"

"तो यांनी काढलाय," बायको म्हणाली. "ते पाप मी कशाला अंगावर घेऊ?"

फ्रेमवाल्याला या गडबडीतही हसू फुटलं.

"लग्न झाल्यापासून रंगवतेय मी आणि नाव टाकतात हे. माझ्या पोटच्या पोरांनाही वाटतं, आई ब्रश धुते. म्हटलं, आज चारचौघांत तोंडघशी पाडायचंच!"

"अटक करा हिला! तक्रार घ्या माझी!" चित्रकार किंचाळला.

फौजदारांनी कागदावर लिहिलं: सगळी चित्रं माझ्या हातची आहेत. "सही करा. खोटं निघालं तर तुम्हीच आत जाल."

बाहेर गिऱ्हाइकांच्या गाड्या थांबल्या. चित्रकारानं पेन उचललं. पण ते कागदावर टेकवेना.

"करा की," बायको म्हणाली. "तेवढंच तर येतं तुम्हाला."