शेवटची पुंगळी

शिसं वितळायला घातलं की हार्लन टटलच्या जिवाला जरा थारा मिळायचा. वेस्ट व्हर्जिनियातल्या त्या दरीत उद्यापासून हरणांची शिकार सुरू व्हायची होती, आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो आजोबांच्या जुन्या बंदुकीसाठी गोळ्या ओतत बसला होता. बंदूक आता पुतणीची, जूनीची. पोरीची ही पहिलीच शिकार. दुकानातली काडतुसं या म्हाताऱ्या बंदुकीला मानवत नसत. तिला सगळं घरचंच लागायचं.

साचा थंड होता, म्हणून पहिल्या गोळ्या सुरकुतल्या. त्या परत भांड्यात गेल्या. मळ वर यावा म्हणून शिशात मेणाचा खडा टाकल्यावर भसकन धूर झाला, आणि मग चकचकीत गोळ्या फडक्यावर टपटप पडू लागल्या. त्याच्या थोरल्या भावाच्या, ड्यूईच्या साच्याला ओरखडा होता. त्याच्या प्रत्येक गोळीच्या टोकावर रेघ उमटायची. तो साचा वहिनीने त्याच्याबरोबर शवपेटीत ठेवला. ड्यूई म्हणजे जूनीचा बाप. दोन वर्षांपूर्वी काडतुसाच्या एका पुंगळीत चुकून बंदुकीची दारू दुप्पट पडली आणि त्याची बंदूक त्याच्या तोंडावरच फुटली.

तेव्हापासून घरात नियम होता, दारू भरणाऱ्याशी बोलायचं नाही. का, ते एकट्या हार्लनला ठाऊक. त्या दिवशी जूनीनेच दारातून विचारलं होतं, "बाबा, किती राहिल्या?" उत्तर द्यायला ड्यूईने मान वळवली आणि भरलेल्या पुंगळीतच पुन्हा माप ओतलं. शेजारी बसलेल्या हार्लनलाही ते फार उशिरा उमगलं. पोरीला कळलं तर ती जन्मभर जळत राहील, म्हणून त्याने तोंडाला कुलूप घातलं होतं.

गोळ्या निवल्या. रिकाम्या पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या करून तो एकेकीत दारूचं माप ओतू लागला. बाहेर दुपारीच धुकं उतरलं होतं.

"बाबा… किती राहिल्या?"

हात थबकला. आवाज जूनीचाच, पण त्या दिवशीचा, सर्दीने बसलेला. त्याने मागे पाहिलंच नाही. हातातली पुंगळी भरली की राहिली, काही केल्या आठवेना. सगळी दारू त्याने परत डब्यात ओतली. जळो ती शिकार! पोरगी रुसली तर रुसू दे.

तो बाहेर आला. जूनी शेडला लागून असलेल्या मागच्या ओसरीवर बंदूक मांडीवर घेऊन बसली होती.

"तू आत्ता काही बोललीस?"

"छे. तुझ्या शिव्या कोण खाईल?" ती हसली. मग हसू ओसरलं. "तूच बोलत होतास की, काका. 'शेवटची राहिली, पोरी. ही तुझी.' अगदी बाबासारखं…"

त्याने आत ओठसुद्धा उघडले नव्हते.

"आणि दारातून हात काढून काडतूस दिलंस. ते बंदुकीत भरलंय मी." तिने त्याच्याकडे टक लावून पाहिलं. "काका… त्या दिवशीही बाबा असंच म्हणाला होता. मी विचारल्यावर, मान वळवून… म्हणजे मी…"

त्याने हळूच बंदूक तिच्या हातातून काढून घेतली आणि उघडली. काडतूस तळहातावर पडलं. ते अजून कोमट होतं, आणि गोळीच्या टोकावर रेघ होती.

मागे रिकाम्या शेडमध्ये कुणीतरी दारूचं माप ठोकळ्यावर टक् टक् आपटत होतं.